लुगड्याचा काठ

वच्छलाने दांडीवरचं कोरडं लुगडं ओढून पुढे केलं, आणि गोकुळाने हात मागे घेतला.

"राहू द्या बाई. अंगावरच वाळन."

"वाळन कशाचं? पदरातून धार लागली तुह्या. घे, नेस."

"राहू द्या म्हटलं ना."

खैरटोलीपासून नागभीडपर्यंतचे तीन कोस गोकुळा श्रावणाच्या सरींत चालत आली होती. डोक्यावर पळसाच्या पानांचा मोरा होता, पण मोरा डोकं आणि पाठ राखतो. कमरेखाली तो बिचारा काय करणार! दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायांभोवती थारोळं साचलं होतं.

वच्छला तिची नणंद. वच्छलाचा नवरा लटारू रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये कामाला, त्यामुळे राहायला सरकारी दोन खोल्या आणि डोक्यावर न गळणारं छप्पर. दांडीवर तीन लुगडी वाळत होती. गोकुळाकडे एकूण दोन. एक ठिगळांचं, धानाच्या रोवणीला नेसायचं. आणि दुसरं हे अंगावरचं, हिरवं, जांभळ्या काठाचं, मेलेल्या सासूचं. दार उघडल्या उघडल्या वच्छला तोंडभर हसली होती. मग तिची नजर त्या जांभळ्या काठावर गेली आणि ती लगबगीने आत वळली. आईच्या आठवणीने गलबलून आलं असेल, असं गोकुळाला वाटलं.

"इस्तारीदादा बरा हाये?" वच्छलाने सूप पुढ्यात ओढत भावाची चौकशी केली. सुपात तरोट्याची भाजी होती. रुळाच्या दोन्ही कडांना तरोटा गुडघाभर माजला होता. श्रावणात याच्याइतकी फुकटची भाजी दुसरी नाही.

"बरे हायेत."

"मग तू काऊन आली, एवढ्या पान्यात?"

गोकुळा भिंतीला टेकून बसली. रस्ताभर तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं. कमरेला खाज सुटली होती. तिने हात मुठीत आवळून मांडीवर ठेवला.

चंदाबाई, म्हणजे गोकुळाची सासू आणि वच्छलाची आई, ढिवराची बाई. सारा जन्म तलावात मासोळ्या धरण्यात गेला, पण आसपासच्या चार गावांत तिचं नाव मासोळीमुळे नव्हतं, नायट्याच्या औषधामुळे होतं. अंगावर गोल चट्टा उठला, खाजवून खाजवून कड लाल झाली, की माणूस तिच्या दारात येऊन बसे. हाक मारायची नाही, नुसतं बसायचं. ती बाहेर येई, चट्टा पाही, आणि पळसाच्या पानात बांधलेला आंबूस वासाचा लगदा हातावर ठेवी. त्यात कसलं तरी बी वाटलेलं असे. कसलं, ते कुणी विचारायचं नाही आणि तिने सांगायचं नाही. नाव घेतलं की गुण जातो. घ्यायचं मात्र काही नाही, मूठभर तांदूळसुद्धा नाही. पथ्य ती घोकल्यासारखं सांगे. एकवीस दिवस लावायचं, चट्टा आधीच गेला तरी. कोरडं नेसायचं. उतरवलेलं कापड राखेच्या पाण्यात उकळून कडक उन्हात टाकायचं, आणि ते दुसऱ्या कुणाला नेसायला द्यायचं नाही.

आणखी एक समजूत होती, ती औषध देणाऱ्यासाठी. ज्याच्या अंगावर रोग, त्याच्या हाताला गुण नाही.

माघात चंदाबाईने अंथरूण धरलं, आणि एका दुपारी गोकुळाला जवळ बसवून तिने औषध सांगितलं. असं औषध घरातल्या एकालाच सांगायचं असतं. चौदा वर्षं सासूचं उष्टंखरकटं काढलं त्याचं चीज झालं, असं गोकुळाला वाटलं. तो आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी चंदाबाईने नागभीडहून लेकीला बोलावून घेतलं. पुढचे तीन दिवस रोज दार लावून लेकीकडून अंग पुसून घेतलं. गोकुळाने बाहेर पाणी तापवायचं आणि भरलेली पितळी गुंडी दारात नेऊन ठेवायची. आत काय बोलतात ते कानावर येत नसे. चौथ्या दिवशी चंदाबाई गेली.

तेराव्याला मात्र रीत असते तशी झाली. मेलेल्या बाईचं चांगलं लुगडं तिची लेक आपल्या हाताने सुनेच्या खांद्यावर टाकते. वच्छलाने साऱ्या सोयऱ्यांसमोर ते हिरवं लुगडं गोकुळाच्या खांद्यावर टाकलं आणि तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. गोकुळाही रडली. दार लावल्याचा राग तिने त्या दिवशी सोडून दिला.

चैत्रात ती ते लुगडं नेसू लागली. जेठ लागता लागता कमरेवर, जिथे काठ आवळला जातो तिथे, पैशाएवढा पहिला चट्टा उठला.

तिने स्वतःचंच औषध लावलं. चट्टा फिका पडे आणि पुन्हा उठे. आषाढात रोवणी सुरू झाली आणि त्याचे तीन झाले. औषध सरसकट खोटं होतं असंही नाही. मालगुजाराच्या वाड्यातल्या सुनेचा मानेवरचा नायटा महिन्याच्या आत गेला. पण रोवणीच्या बायांना ते लागू पडेना. मंगली नावाची बाई, तोंडाची फटकळ, धानाच्या बांधीत सगळ्यांच्या देखत म्हणाली, "चंदाबाईच्या हाताले गुण होता. हिच्या हाताले कशाचा?" मग पऱ्ह्याची रोपं लावता लावता गोकुळाचा हात नकळत कमरेकडे गेला, आणि मंगलीने ते पाहिलं.

"रोवणी सोमवारी सरते, गोकुळा. त्या दिवशी समद्या बायायसमोर कंबर दाखव. नाईतर औषध देनं बंद कर."

औषध गेलं तर नुसता मान गेला असता. पण नायटा झालेल्या ढिवरणीच्या टोपलीतली मासोळी कोण घेणार? आणि मासोळी गेली की चूल गेली.

आज शनिवार होता.

"बाई," गोकुळा शेवटी म्हणाली, "मायनं तुमाले काय सांगतलं?"

"कवा?"

"दार लावून. तीन दिवस."

वच्छलाने एक जून पान खुडून बाजूला टाकलं. "काई नाई. आंग पुसून घेतलं."

"आंग मीबी पुसलं असतं."

"तिले लेकीच्या हातानं पायजे होतं. असते एखादीची हाऊस."

गोकुळा उठली. तिने पुढचं दार लोटून कडी घातली, वच्छलासमोर येऊन उभी राहिली आणि ओल्या लुगड्याची गाठ सैल केली.

"हे पाहा."

तीन चट्टे आता एकमेकांत मिसळले होते. बेंबीच्या बाजूने निघून पाठीच्या मणक्यापर्यंत लाल, उचललेली कड गेली होती. आतली कातडी फिकी, कोंडा सुटलेली. तीन कोसांच्या पावसाने ते सगळं सुजून आलं होतं. वच्छलाचे हात सुपातच थांबले.

"लोकायले देते अन् माह्यं मलेच बरं होत नाई. मायनं मले अर्धंच औषध देल्लं, बाई. अर्धं तुमच्यापाशी हाये. मी ते मागाले आली." गोकुळाचा आवाज फाटला. "तुमच्या पायावर डोकं ठेवते. सोमवारी बाया माही कंबर पाहतीन."

"मले काई देल्लं नाई तिनं." वच्छलाचा आवाज एकाएकी कडू झाला. "पोटच्या लेकीले नाई. म्हने, लेक परक्या घरची. औषध घरातच राह्यलं पायजे."

"मग दार काऊन लावलं?"

बाहेरून मालगाडी गेली. फळीवरची भांडी थरथरली आणि शांत झाली.

"तिच्या कमरेले होता, वयनी. असाच. याच्याहून मोठा."

"कोनाच्या?"

"मायच्या. मी पोरगी होती तवापासून."

गोकुळा उघड्या कमरेने तशीच उभी राहिली. चौदा वर्षं ती त्या बाईच्या घरात राहिली होती. सासू उजाडायच्या आत एकटी तलावावर आंघोळ करून येई. पाठीला तेल लावून देते म्हटलं तर हात झटकून टाकी. गोकुळाला तो खाष्टपणा वाटे. सासूच ती, म्हणून सोडून देई. दिव्याखाली अंधार म्हणतात तो चौदा वर्षं तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिला दिसला नव्हता.

"साऱ्या गावाले बरं करे, अन् स्वतःले नाई?"

"कोरडं नेसाचं पथ्य तिनं कवा पाळाचं? दिवसभर तलावात. दोन लुगडे, अन् दोनीबी ओले. माय म्हने, हे औषध मालगुजारनीचं हाये, ढिवरनीचं नाई." वच्छलाने एक सुस्कारा टाकला. "कामाच्या बायांचा तवाबी जात नव्हता. पथ्य मोडलं म्हनून सांगे अन् वापस पाठवे. लोकायले आता आठवत नाई."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"लाजे. सुनेनं पाह्यलं त औषधावरचा तिचा भरोसा उठन, म्हने. ज्याच्या अंगावर रोग…"

"त्याच्या हाताले गुण नाई," गोकुळाने वाक्य पुरं केलं.

ती हळूच खाली बसली. छातीवरचा एक धोंडा उतरला होता, आणि खोटं कशाला बोला, तिला क्षणभर बरं वाटलं. सासूने फसवलं नव्हतं. जे होतं ते सगळं देऊन गेली होती. गेले दोन-तीन महिने बी वाटताना गोकुळा प्रत्येक रगड्याला त्या मेल्या बाईला शिव्या देत होती; त्या आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. घरी गेल्यावर एक नारळ फोडायचा, तिने मनात म्हटलं.

ती लुगड्याची गाठ पुन्हा आवळू लागली. जांभळा काठ बोटांत आला आणि बोटं तिथेच राहिली.

कापड दुसऱ्याला द्यायचं नाही. उकळायचं. हे ती स्वतःच्या तोंडाने किती जणांना सांगत आली होती! आणि हे लुगडं तिने एकदाही उकळलं नव्हतं. उकळलं असतं तर रंग गेला असता, आणि घडीत सासूचा वास होता तोही गेला असता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फक्त इथे पाषाण कोरडासुद्धा नव्हता.

"बाई, कापडानं लागते हे मायले ठाऊक होतं."

वच्छला भाजीकडे पाहत होती.

"मग तिनं हे लुगडं मले कसं नेसू देल्लं?"

वच्छलाला गप्प राहता आलं असतं. मेलेलं माणूस भांडायला येत नाही. सगळा दोष चंदाबाईच्या नावावर ढकलून भाकरी टाकायला उठता आलं असतं. पण समोर ती कंबर होती. तिने सूप बाजूला सारलं.

"तिनं जाळाले सांगतलं होतं."

"कोनाले?"

"मले. शेवटच्या दिवशी." वच्छलाचं बोलणं आता इतकं हळू झालं की पावसात जेमतेम ऐकू येत होतं. "म्हने, माह्यं हिरवं लुगडं जाळजो वच्छला. रीत मोडली त मोडू दे. गोकुळाच्या आंगाले लागू देऊ नको."

गोकुळाने तिच्याकडे पाहिलं.

"तुमी माह्या खांद्यावर टाकलं. समद्यायसमोर."

"हो."

"अन् माह्या गळ्यात पडून रडल्या."

"रडू खरं होतं, वयनी. देवाशपथ खरं होतं."

"अन् लुगडं?"

वच्छलाने पदराने तोंड पुसलं. "राग होता. मी तिच्या पोटची. तुले औषध देल्लं, अन् मले काय देल्लं? एक कापड जाळाचं काम. तेराव्याले तू बसली होती, सोयरे म्हनत होते, चंदाबाईनं सुनेले समदं देल्लं. मले वाटलं, घे मग. समदंच घे."

त्या दिवशीची गळ्यातली मिठी गोकुळाला आठवली; वच्छलाचे गरम आसू मानेवर पडले होते ते आठवले. तिला या जगात सख्खी बहीण नव्हती. त्या दिवसापासून ती वच्छलालाच बहीण मानत आली होती. सासूला शिव्या दिल्या, मंगलीवर दात खाल्ले, देवालासुद्धा बोल लावला. या एका माणसावर मात्र तिचा कधी संशय गेला नव्हता. इथे ती तिच्या पाया पडायला, औषधाची भीक मागायला आली होती. दुखत होतं ते कमरेला नव्हे.

ती उठली. दांडीपाशी गेली. वच्छलाने मघाशी पुढे केलेलं विटकं लुगडं तिने बाजूला सारलं आणि त्याच्या मागचं नवं, लाल काठाचं ओढून काढलं.

"ते मी पोळ्यासाठी…" वच्छला अर्धवट उठली.

गोकुळाने आतल्या खोलीत जाऊन अंग पुसलं, ते कोरडं लुगडं नेसली आणि हिरव्या लुगड्याचा पिळा हातात घेऊन बाहेर आली. तो तिने वच्छलाच्या पुढ्यात, भाजीच्या सुपाशेजारी ठेवला.

"जाळ."

चौदा वर्षांत गोकुळाने नणंदेला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"ओलं हाये, वयनी. आज कसं पेटन? उन्ह पडू दे, मी मंग…"

"मायनं तुले सांगतलं होतं. जाळ."

मागच्या पडवीत शेगडी होती. तिच्यात इंजिनातून पडलेले, वेचून आणलेले कोळसे धुमसत होते. वच्छलाने लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या, पिळल्या आणि एकेक निखाऱ्यावर ठेवू लागली. पेट घेईना. पांढरा धूर पडवीभर झाला आणि ओल्या कापडाचा, तलावाच्या चिखलाचा वास सुटला. वच्छला वाकून फुंकत राहिली, खोकत राहिली. फुंकणी घेतली, दोन गोवऱ्या मोडून घातल्या. मग कुठे पहिली पट्टी काळी पडून आक्रसली.

गोकुळा उंबऱ्यावर बसली होती. तिने सूप मांडीवर घेतलं आणि राहिलेली भाजी निवडायला लागली.

"तुले औषध पायजे होतं ना?"

वच्छलाने मागे वळून पाहिलं. गोकुळाने सुपातली एक काडी उचलून धरली होती.

"याचं बी. कार्तिकात शेंगा वाळल्या की तोडाच्या. आंबट ताकात तीन दिवस ठेवाचं अन् करंजीच्या तेलात वाटाचं."

"तरोट्याचं?"

"तरोट्याचं."

वच्छलाने पडवीतून बाहेर पाहिलं. रुळाच्या अलीकडे तरोटा, पलीकडे तरोटा. पावसाने माजलेला, पार सिग्नलपर्यंत. ती रोज तो तुडवून पाण्याला जात होती.

"एवढंच?"

"एवढंच. मायनं जेवढं मले देल्लं तेवढं."

"नाव घेतलं त गुण जाते म्हने…"

"जाऊ दे. सोमवारी मी बायायले कंबर दाखवनार हाये. अन् औषधबी सांगनार हाये, नाव घेऊन. कोरडं लुगडं नसन त फुकट लावू नका, हेबी सांगीन." गोकुळाने पुढची काडी घेतली. "मासोळी नाई घेतली त नाई घेतली. मायसारखं उजाडाच्या आत आंघोळ कराले मी जानार नाई."

वच्छला काहीतरी म्हणाली, पण तोंड शेगडीकडे असल्याने ते गोकुळाला कळलं नाही, आणि तिने पुन्हा विचारलंही नाही.

पट्ट्यांमागून पट्ट्या गेल्या. दुपार कलली. छपरावरचा आवाज कमी होत होत थांबला आणि रुळांवर उजेड आला. भाजी केव्हाच निवडून झाली होती. शेगडीच्या कडेला वच्छलाने काठाचं भेंडोळं वेगळं ठेवलं होतं. जाड विणीचा काठ. बाकीचं कापड जळालं तरी त्याचं सूत नुसतं कडेला करपलं होतं. तिने फुंकणी खाली ठेवली आणि मनगटाने डोळे पुसले.

"पानी थांबलं, वयनी. आता निघाली त उजेडात पोचशीन."

गोकुळाने सूप बाजूला ठेवलं आणि नव्या लुगड्याचा पदर खांद्यावर नीट घेतला. उंबऱ्यावरून ती हलली नाही.

"काठ राह्यला हाये अजून," ती म्हणाली.